प्रेझेन्स साडेनऊवर

चाकण
सोमवार, २ मार्च २०२६, सकाळी ९ वाजून १० मिनिटे

आदरणीय श्यामकाका,

नमस्कार. या आठवड्यात दुसरी पाळी आहे, म्हणून सकाळ मोकळी असते. कपडे भिजवून ठेवले आहेत आणि लोखंडी पेटीवर काल तुमच्याकडून विकत घेतलेला मॉडेलर ठेवून त्याच्याकडे बघत बसलो आहे. अजून चालू केलेला नाही.

काल निघताना तुम्ही म्हणालात, फोन करू नकोस, मला फोनवर बोलायला आवडत नाही, अडलं तर पत्र टाक. म्हणून हे पत्र. मला यंत्र नीट कळलं आहे का, ते आधी पडताळून घेतो. चुकलं असेल तर दुरुस्त करावे.

हा डबा म्हणजे गिटारचा नकली अँप्लिफायर आणि नकली स्पीकर. खरे ठेवायला माझ्या खोलीत जागा नाही, आणि वाजवले तर शेजारचे राहू देणार नाहीत. गिटार डब्याला जोडायची आणि डबा हेडफोनला किंवा हॉलच्या मिक्सरला. डावीकडची तीन बटणं पॉवर अँपची. मास्टर म्हणजे नकली अँप किती तापवायचा. सॅग म्हणजे जोरात वाजवल्यावर त्याने किती दम खायचा. प्रेझेन्स म्हणजे वरच्या आवाजाची धार. उजवीकडची तीन स्पीकरची. साइज म्हणजे स्पीकर केवढा. माइक म्हणजे त्याच्यासमोर नकली माइक मधोमध धरायचा की कडेला. हाय कट म्हणजे वरचा आवाज कुठे छाटायचा.

तुम्ही लावून दिलेली सेटिंग अशी: दहापैकी मास्टर ६, सॅग ४, प्रेझेन्स साडेनऊ; साइज १२ इंच, माइक मधोमध, हाय कट बंद.

आमच्या प्रेस शॉपमध्ये एक पद्धत आहे. प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवली की मशीन लावून देणारा सेटर पहिला पीस काढतो. तो पास झाला की सेटिंगच्या बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ ओढतात. त्यानंतर ऑपरेटरने बोल्टला हात लावायचा नाही. काल तुम्ही वाजवून बघितलंत आणि म्हणालात, "हं, हा खरा आवाज." तो मी पहिला पीस धरला आहे. सहाही बटणांवर बारीक रेघ ओढली आहे.

तुम्हाला सांगायचं राहिलं, मी हे कशासाठी घेतलं. १ मे रोजी आमच्या कामगारांचा कार्यक्रम आहे, पिंपरीत. रोहिदासभाऊ आमचे वेल्डर, ते गातात. त्यांनी मला वाद्यवृंदात घेतलं आहे. एका गाण्याच्या आधी तीस सेकंद फक्त माझी गिटार आहे. नाही जमलं तर तेवढा तुकडा ते कीबोर्डवर वाजवून घेणार. मी आजवर स्टेजवर वाजवलेलं नाही. उदगीरहून आई येणार आहे. तिने मला कधी वाजवताना पाहिलेलं नाही.

बोटं दुखतात म्हणून यंत्र विकतोय, असं तुम्ही म्हणालात. तरी काल केसाएवढी बारीक पहिली तार तुम्ही एका दमात खुंटीला गुंडाळून दिलीत. माझ्यासाठी दुखणं सोसलंत, त्याबद्दल आभारी आहे.

आपला,
धम्मपाल


सांगवी
७ मार्च

चि. धम्मपाल,

तुझं पत्र चाकणहून सांगवीला चार दिवसांनी पोचलं. तू पायी आणून दिलं असतंस तरी तीन दिवस वाचले असते.

पिवळ्या रेघेचं वाचून खूप हसलो. तुझ्या काकूला, चित्राला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हा तर तुमच्यावरच गेलाय. तुम्हीही फ्रिजच्या बटणावर खूण केली होतीत." मी भोसरीत एकतीस वर्षं तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या फोर्जिंगच्या हॅमरपाशी काढली. दिवसा हॅमर, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. तेव्हा ती रेघ माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

यंत्र तुला बरोबर कळलं आहे. एवढं नीट माझ्या मुलाला, ओजसला, कळलं नव्हतं, आणि मला वाढदिवसाला घेऊन दिलं होतं त्यानेच. मास्टर आणि सॅग थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील. प्रेझेन्स मात्र हलवू नकोस. आजकालची यंत्रं आवाजावर रजई पांघरतात. ती बाजूला करायला साडेनऊ लागतोच. जुन्या अँपवर माझं पाचवर भागायचं. आता वस्तूंमध्ये तो जीव राहिला नाही.

वस्तूच कशाला. यंदा सांगवीत कोकिळाही आल्या नाहीत. गेल्या वर्षीही नव्हत्या. नदीकाठची झाडं गेली, त्या तरी बसणार कुठे?

तीस सेकंद म्हणजे फार नाहीत, पण कमीही नाहीत. रोज वाजव.

पुढच्या वेळी आलास तर कडी वाजव. दारावरची बेल बिघडली आहे.

तुझा,
श्यामकाका


चाकण
मंगळवार, २४ मार्च २०२६, सकाळी ८ वाजून १५ मिनिटे

आदरणीय श्यामकाका,

नमस्कार. रात्रपाळी करून आलो, पोहे भिजवले आणि ते फुगेपर्यंत लिहायला बसलो आहे. बातमी चांगली नाही.

परवा रविवारी पहिली तालीम झाली. एका गोडाऊनमध्ये मिक्सर आणि दोन मोठे स्पीकर लावले होते. मी माझा तुकडा वाजवला. रोहिदासभाऊंनी हात वर करून थांबवलं.

"धम्मा, गिटार आणलीयस का ग्राइंडर?"

सगळे हसले. कीबोर्ड वाजवणारा अनिश गालाला हात लावून म्हणाला, "भावा, माझी दाढ दुखायला लागली."

मी सांगितलं की सेटिंग पास झालेली आहे.

"कुणी पास केली?"

"सांगवीच्या श्यामकाकांनी. ते तीस वर्षं ऑर्केस्ट्रात होते."

"मग सेटिंग पास आणि तुझी बोटं नापास," रोहिदासभाऊ म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत, पण अनिशला म्हणाले की तोही तुकडा बसवून ठेव. मला १९ एप्रिलच्या तालमीपर्यंत मुदत आहे.

काका, मी घरी येऊन एकेक गोष्ट तपासली. केबल बदलली, ४५० रुपये. तारा बदलल्या, ३८० रुपये. अर्थिंग बघून घेतलं. आवाज तसाच आहे. कापणारा. हेडफोनवर दहा मिनिटं वाजवलं की मलाच ते काढून ठेवावे लागतात. मग उरतात फक्त माझी बोटं. मी वरच्या तारांवर फार जोर देतो का? रेघेला हात लावलेला नाही.

बेलबद्दल लिहायचं होतं. मी १ मार्चला आलो तेव्हा दोनदा दाबली होती आणि ती वाजली होती, काकूंनी दार उघडलं. एखादी वायर ढिली असेल. पुन्हा येईन तेव्हा बघतो. आणि दार उघडायची वाट बघत होतो तेव्हा समोरच्या झाडावर दोन कोकिळा ओरडत होत्या. तेवढ्या दोघीच आल्या असतील कदाचित. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

आपला,
धम्मपाल


सांगवी
२८ मार्च

चि. धम्मपाल,

ग्राइंडर म्हणणाऱ्याला खरी गिटार ऐकायची सवय नसेल. कीबोर्डचा गुळगुळीत आवाज ऐकून ऐकून लोकांचे कान बसले आहेत. तुझ्या मिक्सरवाल्याला आवाज एकूण कमी करायला सांग.

बोटांसाठी सोबत चार ओळींचा रियाज लिहून दिला आहे. अगदी हळू वाजव. पण प्रेझेन्स साडेनऊच. त्यात मी तडजोड करणार नाही.

कोकिळेचा तुला भास झाला असेल. आमच्या रस्त्याला रिक्षा फार. बेलसाठी ओजस माणूस पाठवणार आहे, तू त्रास घेऊ नकोस.

श्यामकाका


चाकण
रविवार, १२ एप्रिल २०२६, सकाळी ७ वाजून ५ मिनिटे

आदरणीय श्यामकाका,

नमस्कार. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली. अंघोळ झाली आहे, बूट घालून बसलो आहे, कारण टपालाने चार दिवस जातील आणि माझ्याकडे एकच आठवडा आहे. आज बसने येऊन हे तुमच्या पत्रपेटीत स्वतः टाकणार आहे. बेल वाजवणार नाही.

गुरुवारी आमच्या कंपनीत वर्षाची तपासणी झाली. कान तपासायची गाडी आली होती. आत एक छोटी बंद खोली असते. कानाला हेडफोन लावतात, आणि बारीक टीं असा आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. माझ्या आधी सयाजीदादांचा नंबर होता. ते इथल्याच गावचे, सव्वीस वर्षं प्रेसवर आहेत. ते आत गेले आणि थोड्या वेळाने स्वतःच दार उघडून बाहेर आले.

"डॉक्टर, मशीन बंद पडलंय तुमचं. आवाजच येत न्हाई."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीन चालू आहे, दादा. बसा आत." मग त्यांनी सगळं पूर्ण करून घेतलं आणि आलेख काढला. दादांची परवानगी घेऊन मी तो बघितला. डावीकडे खालचे आवाज, उजवीकडे वरचे. सयाजीदादांची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ येते आणि मग विहिरीत उतरावी तशी खाली जाते. डॉक्टरबाईंनी त्यांना विचारलं, "कुकरची शिट्टी ऐकू येते? दारावरची बेल? फोनवरचं बोलणं तुटतं का?" दादा म्हणाले, "बाई, बेल बिघडलीय आमची."

काका, मी घरी येऊन तो आलेख आठवून वहीत काढला आणि शेजारी मॉडेलर ठेवला. जिथे त्यांची रेघ खाली जाते, तिथेच आपली बटणं वर आहेत. प्रेझेन्स साडेनऊ, माइक मधोमध, हाय कट बंद. तिन्ही एकाच बाजूला.

मी तुमच्याबद्दल काही म्हणत नाही. मी अकरावीत शाळा सोडलेला मुलगा, आणि तुम्ही मी जन्मायच्या आधीपासून वाजवता आहात. पण बेल वाजली होती, आणि कोकिळा होत्या. मला भास झाला नव्हता.

पास झालेली सेटिंग ऑपरेटरला बदलता येत नाही. बदलायचीच असेल तर चिठ्ठी भरून सेटरची सही घ्यावी लागते. तशी एक चिठ्ठी सोबत जोडली आहे. जुनी सेटिंग लिहिली आहे, नवी सेटिंग 'हॉलमध्ये ऐकून' असं लिहिलं आहे. कारणाचा रकाना मी कोरा ठेवला आहे. तो सेटरने भरायचा असतो.

तुम्ही सही केली नाहीत तर मी साडेनऊवरच वाजवीन आणि तो तुकडा अनिशला जाईल. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलणार नाही.

रागावू नये.

आपला,
धम्मपाल


सांगवी
१७ एप्रिल

चि. धम्मपाल,

हे पत्र आमची सून अनुया घेऊन येते आहे. तिचं ऑफिस चाकण रस्त्यालाच आहे. तुझी मुदत परवा संपते हे लक्षात आहे.

रविवारी पत्र वाचलं आणि खरं सांगतो, खूप रागावलो. दोन दिवस गिटारकडे पाठ करून बसलो. चित्राने पत्र मागितलं, दिलं नाही. मग तिने ते माझ्या उशीखालून काढून वाचलं. मंगळवारी सकाळी मला म्हणाली, "या जरा दारात." मला बाहेर उभं केलं आणि स्वतः बेलच्या बटणावर बोट ठेवलं. "आता बघा." मी तिच्या बोटाकडे बघत उभा होतो. बोट दाबलं जात होतं, सुटत होतं, पुन्हा दाबलं जात होतं. समोरच्या दारातून शेजारीण बाहेर आली आणि म्हणाली, "कोण आहे हो, इतका वेळ बेल वाजवतंय?"

तेव्हा मला हसू आलं. चित्राला नाही आलं. ती चार वर्षं मला सांगत होती म्हणे.

बुधवारी पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. माझा आलेख तुझ्या सयाजीदादांच्या आलेखाचा सख्खा भाऊ आहे. कानात घालायचं यंत्र मिळेल, महिना लागेल. वरचं सगळं परत येणार नाही, पण बरंचसं येईल म्हणाले.

आता एक कबुली. माझी बोटं ठणठणीत आहेत. मॉडेलर विकला, कारण त्यातून गिटार ऐकू येईना. बटणं शेवटपर्यंत फिरवली तरी येईना. वाटलं, यंत्र मंद आहे, नाहीतर माझं वाजवणं संपलं. दोन्हींपैकी कोणतंच नव्हतं हे कळून मला गेले दोन दिवस इतकं हलकं वाटतं आहे की चित्रा विचारते, डॉक्टरांनी नक्की काय दिलंय.

आता काम. रेघा पूस. प्रेझेन्स शून्यावर आण आणि एकेक आकडा वर चढव. हे खोलीत हेडफोनवर करू नकोस, तिथे सगळं जवळून येतं. मोठ्या स्पीकरवर कर, आणि शेवटच्या खुर्चीवर रोहिदासला बसव. तो ज्या आकड्यावर पहिल्यांदा तोंड वेडंवाकडं करेल, त्याच्या एक आकडा खाली थांब. माइक मधून कडेला सरकव, धार तिथेच मरते. हाय कट हळूहळू लाव, पण इतका नको की गिटार पाण्याखाली गेल्यासारखी वाटेल. पास कोणी करायचं ते तूच ठरव. तुझे कान चांगले आहेत.

आहेत ना? सयाजीदादांचा आलेख मला इतका रंगवून सांगितलास. तुझा काय आला, ते कुठेच लिहिलं नाहीस.

चिठ्ठी सही करून जोडली आहे. कारणाचा रकाना भरला आहे: "सेटरचे कान."

१ मे ला चित्राला घेऊन येतो.

तुझा,
श्यामकाका


चाकण
शनिवार, २ मे २०२६, सकाळी ७ वाजून ४० मिनिटे

आदरणीय श्यामकाका,

नमस्कार. आई स्टोव्हपाशी भाकरी थापते आहे आणि मी दारात बसून लिहितो आहे. आज मी सुट्टी टाकली आहे.

काल निघताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "वरच्या तारा कशा वाजल्या ते लिहून पाठव. घाईत सांगू नकोस." म्हणून घाई न करता लिहितो.

१९ तारखेला तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं. रोहिदासभाऊ शेवटच्या खुर्चीवर बसले. प्रेझेन्स पाचवर गेला तेव्हा त्यांचा एक डोळा बारीक झाला. मी चारवर आणला. माइक कडेला, हाय कट सात हजार हर्ट्झवर, मास्टर ५, सॅग आणि साइज तुमचेच. मी वाजवून संपवलं तरी ते उठले नाहीत. मग अनिशला म्हणाले, "तू तुझा चहा पी." तुकडा माझ्याकडेच राहिला.

काल सकाळी आईला घेऊन विहारात जाऊन आलो, बुद्धपौर्णिमा होती. संध्याकाळी स्टेजवर गेलो तेव्हा पहिल्यांदा तुम्ही दिसलात. सगळे खुर्चीत बसले होते आणि तुम्ही पुढे येऊन स्टेजच्या फळीवर तळहात ठेवून उभे होतात. खालचे सूर तुमच्यापर्यंत फळीतून पोचत असतील, एवढं मला कळलं. म्हणून पहिले चार सूर मी जाड तारांवर जरा जास्त रेंगाळून वाजवले. ठरलं होतं त्यापेक्षा दोन सेकंद जास्त गेले. रोहिदासभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं.

आता वरच्या तारा. आधी तो आवाज पत्रा कापताना येतो तसा होता. काल तसा नव्हता. पितळेच्या तांब्यावर नखाने टिचकी मारल्यावर जो येतो, तसा आला. सुरुवातीला थोडी धार, मग गोल होत होत विझणारा. सर्वात वरचा सूर ओढला तेव्हा तो हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथून किंचित परत आला. मागे कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, ते त्या सुराला थांबलं. मग पुन्हा रडायला लागलं. एवढंच झालं. यात मी काही वाढवून लिहिलेलं नाही.

गाणं संपल्यावर रोहिदासभाऊ माइकवरच म्हणाले, "आज ग्राइंडर सुट्टीवर आहे." ते तुम्हाला ऐकू गेलं असेल, कारण तुम्ही हसलात.

आई म्हणते, "एवढंच होय? तीस सेकंदांसाठी मी रात्रभर एसटीत बसले व्हय रे?" पण सकाळपासून तिने शेजारच्या तिघींना सांगितलं आहे. त्यातल्या एकीला दोनदा.

तुम्ही माझ्या आलेखाबद्दल विचारलं होतं. मुद्दामच लिहिलं नव्हतं. उजवा कान चांगला आहे. डावा वरच्या बाजूला थोडा खाली गेला आहे, प्रेस माझ्या डावीकडे असतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता काळजी घेतली तर एवढ्यावरच थांबेल. कानात घालायचे प्लग कंपनी देते. चार वर्षं ते पेटीत पडून होते, कारण घातले की लोक हसतात. २० एप्रिलपासून घालतो. सयाजीदादाही घालतात. म्हणतात, "आता काय उपेग न्हाई, पण तू एकटा बरा दिसत न्हाईस." हसणारे दोन दिवस हसले.

तुमचं कानातलं यंत्र आलं की कळवा. मी मॉडेलर घेऊन येईन. तेव्हा तुम्ही वाजवा आणि मी शेवटच्या खुर्चीवर बसतो. समोरच्या झाडावरच्या दोघी अजून आहेत, काल काकूंना विचारून घेतलं.

हिशेब असा आहे:

मॉडेलर ११,००० पैकी दिले: ८,०००
केबल: ४५० (जुनी चांगलीच होती)
तारा: ३८० (जुन्या चांगल्याच होत्या)
पत्रांची पाकिटं, तीन: १५
सांगवीची बस, जाऊन-येऊन: ७०
कानाचे प्लग: ०
रेघा पुसायला थिनर: ४०
एकूण खर्च: ८,९५५
तुम्हाला देणे बाकी: ३,०००, सात तारखेला पगार झाला की

थिनरची अर्धी बाटली शिल्लक आहे. जपून ठेवली आहे.

आपला,
धम्मपाल